उनोवरून डिजिस्पार्क क्लोनमध्ये कोड जात नाही, सिग्नेचर नुसती शून्यं

ग्राउंड_कुठाय:
आर्डुइनो उनो आर३ बोर्ड प्रोग्रॅमर (चिपमध्ये कोड लिहिणारं साधन) म्हणून वापरून डिजिस्पार्क या छोट्या बोर्डाच्या क्लोनवरच्या एटीटायनी८५ चिपमध्ये ब्लिंक (एलईडी लुकलुकवणारा नमुना कोड) टाकायचंय. यूएसबीतून बोर्ड ओळखलाच जात नाही, म्हणून हा मार्ग. उनोवर उदाहरणांमधलं आर्डुइनो-आयएसपी स्केच (उनोला प्रोग्रॅमर बनवणारा कोड) व्यवस्थित चढलं. पण पुढे कधी 'नॉट इन सिंक', कधी 'इनव्हॅलिड डिव्हाइस सिग्नेचर' (चिपचा ओळख-क्रमांक चुकीचा) आणि सगळी शून्यं. जोडणी अशी: उनोची १० → पी५, ११ → पी१, १२ → पी०, १३ → पी२, ५ व्होल्ट → व्हीआयएन, ग्राउंड → ग्राउंड. चिप गेली का?

तांब्याची_तार:
लगेच चिपवर खापर फोडू नका. ११ आणि १२ उलट लागल्यात. सीरियलमध्ये टीएक्स-आरएक्स तिरके जोडायची सवय असते, तीच इथे नडते. आयएसपी ज्या एसपीआय जोडणीवर चालतं तिच्यात मोसीला (चिपकडे जाणारा डेटा) मोसी, मिसोला (चिपकडून येणारा) मिसो. म्हणजे ११ → पी०, १२ → पी१.

दुसरं, व्हीआयएनवर ५ व्होल्ट देऊ नका. तिथून वीज रेग्युलेटरमधून जाते आणि चिपला ५ पेक्षा कमी मिळतात. सरळ '५ व्होल्ट' लिहिलेल्या पिनला द्या. उनोवरून वीज देताना बोर्ड यूएसबीत खोचलेला नसावा.

रेझिस्टर_राव:
'नॉट इन सिंक' हे वेगळं दुखणं आहे. सीरियल पोर्ट उघडला की उनो स्वतःच रिसेट होतो आणि काही क्षण त्याचा बूटलोडर (यूएसबीतून कोड घेणारा छोटा प्रोग्रॅम) चालतो. त्यामुळे संगणकाचे पहिले संदेश आयएसपी स्केचपर्यंत पोचतच नाहीत. उनोच्या रिसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर लावा, धन टोक रिसेटला. मात्र आयएसपी स्केच चढवून झाल्यावरच. आधी लावलात तर उनोवरच काही अपलोड होणार नाही.

आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरच्या मेनूत प्रोग्रॅमर 'आर्डुइनो ॲज आयएसपी' निवडा. 'आर्डुइनोआयएसपी' नावाचाही पर्याय दिसतो, तो वेगळ्या हार्डवेअरसाठी आहे. नावं ठेवणाऱ्याला काय म्हणावं! अपलोडही 'अपलोड युझिंग प्रोग्रॅमर'ने, म्हणजे कंट्रोल-शिफ्ट-यू.

सिग्नेचर वाचून निदान होतं. १ई ९३ ०बी म्हणजे टायनी८५ बोलतोय. १ई ९५ ०एफ आली तर उनोची स्वतःची ३२८पी चिप उत्तर देतेय. शून्यं म्हणजे वायरिंग, वीज किंवा रिसेट.

ग्राउंड_कुठाय:
तिन्ही दुरुस्त्या केल्या. १ई ९३ ०बी आली, कोडही चढला! पण एलईडी सेकंदाने लुकलुकायच्या ऐवजी भराभर थरथरतोय. मेनूत घड्याळ १ मेगाहर्ट्झ आहे.

तांब्याची_तार:
कोड १ मेगाहर्ट्झसाठी कंपाइल झालाय, पण डिजिस्पार्कचे फ्यूज (चिपमधल्या कायम राहणाऱ्या सेटिंग्ज) चिपला पीएलएलवर (घड्याळाचा वेग वाढवणारं आतलं सर्किट) साधारण १६ मेगाहर्ट्झने पळवतात. सगळं सोळापट वेगात चाललंय. मेनूत '८ मेगाहर्ट्झ, इंटर्नल' निवडून एकदा 'बर्न बूटलोडर' दाबा. नाव तसं असलं तरी यात बूटलोडर चढवला जात नाही, फक्त फ्यूज बदलतात (लो फ्यूज ई२ होतो, कोऱ्या चिपवर ६२ असतो, म्हणजे १ मेगाहर्ट्झ). मग तेच घड्याळ ठेवून ब्लिंक पुन्हा चढवा.

तिथे 'एक्स्टर्नल क्रिस्टल' चुकून निवडू नका. बोर्डवर क्रिस्टल (घड्याळाचे ठोके देणारा बाहेरचा भाग) नाही, त्यामुळे चिपला घड्याळच मिळणार नाही आणि पुन्हा शून्यं दिसतील. तसं झालंच तर पी३ वर बाहेरून काही मेगाहर्ट्झची चौकोनी लहर देऊन फ्यूज परत लिहिता येतात.

रेझिस्टर_राव:
तुमचं नशीब की रिसेट चालू आहे. काही क्लोनांवर सहावी पिन मोकळी व्हावी म्हणून रिसेटचा फ्यूज बंद करून देतात (हाय फ्यूज डीडीऐवजी ५डी). मग आयएसपी चालत नाही, रिसेटवर १२ व्होल्ट देऊन हाय-व्होल्टेज प्रोग्रॅमिंग करावं लागतं. उनोच्या काही पिन, १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा, तो चालू-बंद करायला एक एनपीएन ट्रान्झिस्टर आणि १ किलोओहमचे रेझिस्टर वापरून तेही जमतं.

आयएसपीने कोड टाकताना पूर्ण चिप पुसली जाते, त्यामुळे यूएसबीचा बूटलोडर आता उरलेला नाही. तो हवा असेल तर मायक्रोन्यूक्लियस या बूटलोडरची हेक्स फाइल याच जोडणीतून टाका आणि फ्यूज लो ई१, हाय डीडी, एक्स्टेंडेड एफई ठेवा.