‘ओसाड माळ’ म्हणे! किर्लोस्करवाडी नेमकी वसवली कुणी?

माळावरची
आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर काल पुन्हा तीच पोस्ट फिरली. ‘१९१० साली साप आणि निवडुंग सोडून काहीही नसलेल्या माळावर एका माणसाने एकट्याच्या हिमतीवर किर्लोस्करवाडी उभी केली.’ खाली नमस्कारांची रांग. दरवर्षी मी गप्प बसते, यंदा नाही बसणार.

तो माणूस म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. ते मोठे होते, यात वादच नाही. बढती डावलली म्हणून मुंबईची मास्तरकी सोडली, बेळगावात सायकलींचं दुकान टाकलं, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. सगळं मान्य. माझा राग ‘काहीही नसलेल्या’ आणि ‘एकट्याच्या’ या दोन शब्दांवर आहे.

काहीही नव्हतं कसं? पुणे-मिरज रेल्वे होती. कुंडल रोड नावाचं स्टेशन होतं. कारखान्याला लोखंड आणि कोळसा काय बैलगाडीने बेळगावहून येणार होता? ३२ एकर जागा दिली औंध संस्थानच्या राजाने, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, वर १०,००० रुपये कर्जाऊ. आणि एकट्याच्या? रामूअण्णा, शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, के. के. कुलकर्णी, अनंतराव फळणीकर हे सगळे सोबती कुठे गेले? बायाबापड्यांनी टोपल्यांनी माती वाहिली, त्यांची तर नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत.

माझ्या पणजीची शेरडं त्या माळावर चरायची. निवडुंगाची लाल बोंडं पोरं मातीत घोळवून, फडक्याने कुसं काढून खायची आणि संध्याकाळी लाल तोंडं घेऊन घरी यायची. आमच्यासाठी तो ‘काहीही नसलेला’ माळ नव्हता.

ओतकामवाला
ताई, बोंडं खाऊन कारखाना उभा राहत नाही. माझे आजोबा ओतशाळेत होते. नडगीवर वितळलेल्या लोखंडाचे डाग होते, हरभऱ्याएवढे, पांढरे पडलेले. लहानपणी मी ते मोजायचो. ते सांगायचे, सुरुवातीची माणसं पत्र्याखाली राहिली, रात्री कंदील घेऊनच बाहेर पडायचं, पाय टाकण्याआधी काठी आपटायची.

जमीन राजाची, पैसा राजाचा, रेल्वे इंग्रजांची. बरं. मग त्याच राजाच्या राज्यात बाकीच्या माळांवर गावं का नाही उठली? माणूस लागतो त्याला! बेळगावात पहिले ४० नांगर दोन वर्षं पडून होते, हे विसरू नका. लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी हात लावत नव्हते. तेव्हा टिकून राहिला तो माणूस.

आटपाडीचा
ओतकामवाले, चुकताय. औंध संस्थानातच १९१६ साली ओगल्यांचा काच कारखाना निघाला, घरोघरचा प्रभाकर कंदील तिथला. म्हणजे दुसरा माळही उठला. राजाचा हात होता म्हणूनच. बाळासाहेब १९०९ ला गादीवर आले आणि लगेच पुढच्या वर्षी एका कारखानदाराला जागा दिली. त्या काळचे बाकीचे संस्थानिक काय करत होते ते आठवा. पुढे १९३९ ला याच माणसाने कारभार लोकांच्या हाती दिला, गांधीजींच्या सल्ल्याने. आमच्याकडे त्यांचं नाव फक्त सूर्यनमस्कारांपुरतं उरलंय, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि आलोच आहे तर बोलतो. आटपाडीसुद्धा औंधचीच. आमच्या वाट्याला कारखाना नाही, दुष्काळ आला. कुंडलजवळ रेल्वे होती, आमच्याकडे नव्हती. त्यामुळे रेल्वेबद्दल ताईंचं शंभर टक्के खरं.

टिळकवाडीची
बेळगावचं कुणी बोलणारच नाही का? नगरपालिकेला गावाच्या वाढीसाठी जागा हवी होती म्हणून लक्ष्मणरावांचा कारखाना इथून उठवला. कारखाना गेला आणि पाठोपाठ कुशल हातही गेले. तुम्ही कुणी वसवलं म्हणून भांडताय, आम्ही काय घालवलं ते आम्हालाच माहीत. माझ्या आजोबांचे दोन मित्र त्या वेळी तिकडे गेले ते परत आलेच नाहीत. गणपतीलासुद्धा.

कुंडलकर
एवढं सगळं झालं, पण मुख्य गोष्ट कुणी काढली नाही. पोस्टीत माळ आहे, साप आहेत, कुंडल नाही. स्टेशनाचं नाव कुंडल रोड होतं, ते कुठं गेलं?

कुंडल काय कालचं गाव आहे? डोंगरात झरी पार्श्वनाथ आहे, लांबलांबून जैन यात्रेकरू येतात. १९४३ नंतर इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारचं केंद्रच आमच्या गावात होतं. नाना पाटील, जी. डी. बापू लाड, तुफान सेना. शेणोलीची गाडी अडवली ती पोरं इथलीच. अशा गावाचं नाव पाटीवरून पुसलं आणि कारखान्याचं लावलं. आमचे आजोबा मरेपर्यंत ‘कुंडल रोडला उतर’ म्हणायचे. मुंबईहून येणारा नवखा पाहुणा नकाशात कुंडल रोड शोधायचा आणि थेट मिरजेत जाऊन उतरायचा.

ओतकामवाला
कारखाना वाढला, माल त्याच नावाने बुक व्हायला लागला, म्हणून स्टेशनाचं नाव बदललं. कुंडलच्या लोकांना कारखान्याने काम दिलं, ते पण मोजा. भोंगा झाला की तुमच्या गावात चुली पेटायच्या.

कुंडलकर
काम दिलं म्हणून नाव द्यायचं? आम्ही घाम दिला, तो फुकट?

रांचीत_राहणारा_सातारकर
सगळीकडे हेच झालंय. इकडे साकची गावाचं १९१९ साली जमशेदपूर झालं आणि कालीमाटी स्टेशनाचं टाटानगर. आज कालीमाटी कुणाला विचारा, फक्त रस्त्याचं नाव म्हणून माहीत. मोठा कारखाना आला की जुनं नाव जातं. याला कुणी अडवू शकत नाही.

माळावरची
कुणी अडवू शकत नाही हे पटत नाही. कराडचं स्टेशन ओगलेवाडीत आहे. उतरल्या उतरल्या तुम्ही ओगलेवाडीच्या हद्दीत उभे असता, पण पाटी कराडची. काच कारखाना एवढा गाजला तरी कराडचं नाव हललं नाही. का? कराड मोठं, तालुक्याचं. कुंडल लहान, संस्थानातलं, बोलणारं कुणी नाही.

ओतकामवाला
तुम्ही मूळ प्रश्न सोडून कुठे चाललाय? आजकाल कुणीही उठतं आणि मोठ्या माणसाला लहान करतं. तुमच्यापैकी एकाने तरी दहा माणसांना नोकरी दिली आहे का? माझ्या धाकट्या भावाला डिप्लोमा करून चाकणला कंत्राटावर जावं लागलं, बारा तासांची पाळी, दर सात महिन्यांनी ब्रेक. लक्ष्मणरावांनी गाव बांधलं, घरं दिली, शाळा दिली. आज कोण देतं? म्हणून ती पोस्ट मी पण फॉरवर्ड केली आणि परत करीन.

माळावरची
आवाज चढवू नका. मी लहान कुणालाच करत नाही. तुमच्या आजोबांच्या नडगीवरचे डाग त्या पोस्टीत आहेत का, सांगा. एकट्याने उभं केलं म्हटलं की सगळ्यात आधी पुसले जातात ते तुमचे आजोबा.

जुन्या_अंकांवाली
मधेच बोलते, राग मानू नका. तुम्ही सगळे लोखंडावर बोलताय. त्याच माळावरून १९२० पासून ‘किर्लोस्कर’ निघालं, १९३० ला ‘स्त्री’, १९३४ ला ‘मनोहर’. शंकरराव किर्लोस्करांचं काम. माझी आजी शिराळ्याकडची, चौथी शिकलेली. तिच्या ट्रंकेत लुगड्यांच्या खाली ‘स्त्री’चे अंक होते, सासूपासून लपवलेले. पहिल्या पानावर प्रकाशनाचं गाव छापलेलं असायचं, ते तिला पत्त्यासकट पाठ होतं. ती किर्लोस्करवाडीला कधीच गेली नाही. तिच्यासाठी ते गाव म्हणजे तेवढी ओळ. नाव कुंडल रोडच राहिलं असतं तरी अंक तोच असता, हे कुंडलकरांचं बरोबर. पण ते नाव महाराष्ट्रभर पोचलं ते नुसत्या नांगरांमुळे नाही, एवढं ओतकामवाल्यांनीही मान्य करावं.

ओतकामवाला
मासिकांचं मान्य. नांगरांच्या जाहिरातीपण त्यातच यायच्या, तेही लिहा.

ताई, आजोबांचं बोललात ते लागलं. त्यांचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही हे खरं आहे. आम्ही एकदा शोधलं होतं. पण ‘एकट्याने’ हा शब्द चुकला म्हणून बाकीची पोस्ट खोटी होत नाही. पहिलं पाऊल कुणीतरी एकानेच टाकावं लागतं.

माळावरची
‘एकट्याच्या’ काढा आणि मग फॉरवर्ड करा. मी पण नमस्कार टाकीन.

कुंडलकर
तुमचं मिटलं असेल, माझं नाही. पाटीवर नाव बदलून मागत नाही, तेवढी अक्कल आहे. खाली बारीक अक्षरात ‘पूर्वीचे कुंडल रोड’ एवढं लिहायला किती रंग लागतो?

टिळकवाडीची
आमच्याकडे पाटीवरचा एक शब्द बदलायला पिढ्या गेल्या, तरी भांडण संपलं नाही. तुम्ही रंगाचा हिशेब करताय.

आटपाडीचा
कुंडलकर, अर्ज लिहा. पहिली सही माझी. आटपाडीला रेल्वे आली नाही तरी चालेल, पण औंधच्या एका गावाचं नाव तरी पाटीवर यायला पाहिजे.

ओतकामवाला
माझीपण घाला. आजोबा हजेरी लावायला जायचे ते कुंडलहूनच, चालत.