म्हाडाने घरं विकत राहावं की भाड्याने द्यावीत?

नायगावकर:

सरळ मुद्द्यालाच हात घालतो. म्हाडा, सिडको, एमएमआरडीए या संस्था मुंबई महानगरात कमी कमाईच्या कुटुंबांसाठी जी घरं बांधतात किंवा बिल्डरकडून मिळवतात, त्यातली निम्मी तरी कायमची भाड्याची ठेवावीत. ती कधीच विकायची नाहीत. भाडं कुटुंबाच्या कमाईकडे बघून ठरावं, आणि वाटप सोडतीने न होता नोंदणीच्या क्रमाने व्हावं.

२०२४ च्या मुंबई मंडळाच्या सोडतीत घरं होती २,०३० आणि अनामत रक्कम भरलेले अर्जदार १ लाख १३ हजारांच्या वर. बरं, नंबर लागला तरी पुढे काय? २०२३ मध्ये पहाडी गोरेगावचं अत्यल्प उत्पन्न गटातलं घर तीस लाखांच्या पुढे होतं. या गटाला वर्षाला सहा लाखांची मर्यादा आहे खरी, पण माझ्या ओळखीचे जे लोक यात अर्ज करतात ते महिन्याला वीस-बावीस हजारांत संसार रेटतात. पगार हातात, पगारपत्रक नाही. बँक दारात उभं करत नाही. मग लागलेलं घर परत करायचं. ज्याला त्या घराची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ते घेता येत नाही, अशी ही योजना आहे.

भाड्याची सरकारी घरं ही काही नवी कल्पना नाही. १९५२ मध्ये औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरांची योजना आली. राज्यांना निम्मं अनुदान आणि निम्मं कर्ज केंद्राकडून. काळाचौकीचं अभ्युदय नगर, विक्रोळीचं कन्नमवार नगर इथे पहिले लोक राहायला आले ते गृहनिर्माण मंडळाचे भाडेकरू म्हणून. पुढे ती घरं मालकीची झाली, सोसायट्या झाल्या, आता पुनर्विकासाचे टॉवर. त्या कुटुंबांचं भलं झालं याचा मला मनापासून आनंद आहे. पण आज काळाचौकीतल्या दुकानात कामाला येणारा पोरगा राहतो दिव्याला नाहीतर नालासोपाऱ्याला, कारण त्याच्यासाठी मागे एकही घर उरलं नाही.

२००८ मध्ये एमएमआरडीएने पुन्हा प्रयत्न केला. १६० चौरस फुटांची घरं, महिना आठशे ते पंधराशे भाडं, पाच वर्षांत पाच लाख घरांचं उद्दिष्ट. काही वर्षांतच धोरण बदललं आणि बांधून झालेली घरं दुसऱ्याच कामांना गेली. हे पुन्हा होऊ नये असं मला फार वाटतं. विरोधी मतं जरूर मांडा, फक्त कारणांसकट.

सुहास डोंबिवली:

नायगावकर, तुमची तळमळ समजते, पण मी पूर्ण विरोधात आहे.

मुंबईत भाड्याच्या घरांचं काय झालं ते गिरगाव-लालबागमध्ये फिरून बघा. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. मालकाला दुरुस्ती परवडेना, आणि १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा करायची वेळ आली तेव्हा उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारती होत्या १९,६४२. दर पावसाळ्यात त्यातली एखादी कोसळल्याची बातमी येते. तुम्ही म्हणाल तो खासगी मालक होता. मग शंभर वर्षांपूर्वी सरकारनेच बांधलेल्या बीडीडी चाळी घ्या. मालक साक्षात सरकार. २०७ चाळी, एकेका चाळीत ८० खोल्या, १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर सामाईक संडास. शंभर वर्षांत सरकारने त्यांची काय निगा राखली? आणि शेवटी झालं काय, तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांची मालकीची घरं मिळाली, तीही मोफत. योग्यच झालं. पण यावरून एक गोष्ट पक्की होते: आपल्याकडे सरकारी भाडेकरू कधी ना कधी मालक होतोच. निवडणुका आहेत, मोर्चे आहेत, आमदार आहेत. मग तीन पिढ्या पडक्या खोलीत घालवून मालक करण्यापेक्षा पहिल्या दिवशीच का करू नये?

दुसरं. ज्याला पेन्शन नाही, त्याची म्हातारपणाची सोय म्हणजे घरच. साठीनंतर हातपाय चालत नाहीत तेव्हा भाडं कुठून भरणार? आमच्या वडिलांनी डोंबिवलीत घर घेतलं तेव्हा नातेवाइकांनी वेड्यात काढलं होतं, स्टेशनपासून पार आत होतं. आज आई त्याच घरात निर्धास्त आहे. ही निर्धास्ती भाड्याच्या घराला नाही, मग मालक सरकार असो की कुणी.

माधवी:

मी घरकाम करणाऱ्या बायकांचे अर्ज भरून देते, त्यामुळे दोघांपेक्षा वेगळं सांगते. विकत की भाड्याने हा वाद पुढचा. आधी अर्ज कुणाला करता येतो ते बघा.

अधिवासाचा दाखला लागतो. त्यासाठी महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा. आता अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या बाईकडे तो कुठून येणार? माझ्या समोर परवा एक ताई पिशवी घेऊन बसल्या होत्या. पिशवीत मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, आणि वेगवेगळ्या घरांची वीजबिलं. एकाही बिलावर त्यांचं नाव नाही, सगळी मालकाच्या नावाने. आधार कार्डावर अजून गावचा पत्ता, कारण मुंबईतला पत्ता बदलेपर्यंत घरच बदलायची वेळ येते. मालकाकडे पत्त्याचा पुरावा मागितला की तो म्हणतो, पुढच्या महिन्यात खोली खाली करा. त्याला भीती की ही बाई हक्क सांगेल.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडून. चार घरची कामं, चारही ठिकाणी पगार रोख, लिहून द्यायला एकही मालकीण तयार नाही. कुणी कामवालीच्या पगारावर सही करायची म्हटलं की लोक दचकतात.

म्हणजे पिढ्यान् पिढ्या एकाच चाळीत राहिलेल्याचे कागद पक्के आणि जो खरा भाडेकरू आहे तोच कागदावर नाही. नायगावकर दादा, तुमची यादी केली तरी पहिल्या पानावर हीच कागदवाली माणसं असतील. भाड्याच्या घरांना माझा पाठिंबा आहे, पण हे आधी सोडवा.

ठाणेकर अभियंता:

२००८ च्या योजनेच्या इमारती मी जवळून पाहिल्या आहेत, म्हणून लिहितो. १६० फुटांत खोली, मोरी, संडास, ओटा सगळं. अशी घरं उंच टॉवरमध्ये एकावर एक. बिल्डरला चार चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे प्लॉटच्या चौपट बांधकाम, त्यातला एक भाड्याच्या घरांना आणि तीन विक्रीला. पालिकांनी आधीच सांगितलं होतं की एवढ्या माणसांना पाणी, मलनिःसारण, रस्ता आम्ही कुठून पुरवणार. ते खोटं ठरलं नाही.

तुमच्या आठशे रुपयांत लिफ्टच्या देखभालीचा करारही निघत नाही. चाळीला लिफ्ट नव्हती, ती पाण्याच्या पंपाशिवायही जगली. टॉवरमध्ये एक पंप बंद पडला की वीस मजल्यांवर पाणी नाही, आणि बारावीची पोरगी कळशी घेऊन जिन्यात. ठाण्यात यातली घरं धोकादायक इमारतींतून हलवलेल्यांना दिली. तात्पुरती म्हणून आलेली माणसं वर्षानुवर्षं तिथेच. पालिका म्हणते घर एमएमआरडीएचं, एमएमआरडीए म्हणते ताबा पालिकेचा. लिफ्ट कोण दुरुस्त करणार?

भाड्याची घरं बांधायला माझी हरकत नाही. पण स्वतंत्र, पगारी देखभाल यंत्रणा आणि तिचा पैसा अर्थसंकल्पात लिहून घेतल्याशिवाय एक वीटही रचू नये.

नायगावकर:

ठाणेकर, शंभर टक्के मान्य, ही अट माझ्या मागणीत घालतो. सगळा खर्च भाड्यातून निघेल असं मी म्हणतच नाही. फुटकळ भाडं कायमचं गोठवणंही नको. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात दरसाल चार टक्के वाढ आहेच, इथे कमाईनुसार त्याहून जास्तही घ्यावी. कमाई वाढली की भाडं वाढेल, मग माणूस आपणहून दुसरीकडे घर घेईल आणि खोली पुढच्याला मिळेल.

सुहासजी, बीडीडीचा तुमचा दाखला मला उलट माझ्या बाजूचा वाटतो. शंभर वर्षं त्या खोल्यांनी गिरणीत, गोदीत, पोलिसात आलेल्या माणसांना शहराच्या मध्यावर आसरा दिला. मालकीची झाल्यावर ते दार बंद झालं. आणि दुरुस्ती न करणं हा दोष भाडेपद्धतीचा नाही, बजेट न देणाऱ्यांचा आहे.

बाकी ठिकाणी थोडं तरी झालंय. कोविडमध्ये मजूर पायी गावी निघाले, त्यानंतर केंद्राने २०२० मध्ये रिकामी सरकारी घरं भाड्याने द्यायची योजना आणली. चंडीगडने २,१९५ घरं त्यात घातली, सुरत आणि राजकोटनेही काही दिली. प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातही भाड्याच्या घरांचा वेगळा भाग आहे. राज्याच्या २०२५ च्या गृहनिर्माण धोरणात नोकरदार महिला, विद्यार्थी, औद्योगिक कामगार यांच्यासाठी भाड्याची घरं लिहिलेली आहेत. दार किलकिलं झालंय, ढकलायला हवं.

मेधा, लीड्स:

इथलं सांगते. ब्रिटनमध्ये स्थानिक कौन्सिलची भाड्याची घरं असतात. अर्ज कौन्सिलकडे करायचा, सोडत नसते. बेघर आहात का, घरात दाटी किती, कुणी आजारी किंवा अपंग आहे का, यावरून गट ठरतो, आणि त्याच भागाशी संबंध असल्याचं दाखवावं लागतं. आमच्यासारख्या व्हिसावरच्यांना त्यात जागा नाही, पण माझ्याबरोबर वॉर्डात काम करणाऱ्या दोघीजणी अशा घरांत वाढल्या आणि त्याबद्दल अभिमानाने बोलतात.

मात्र १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना तीच घरं मोठ्या सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला. लाखो घरं विकली गेली, बदल्यात तितकी बांधली नाहीत. त्यातली बरीच आज खासगी मालकांकडून भाड्याने चढ्या दरात दिली जातात, आणि ते भाडं भरायला सरकारच गरिबांना मदत देतं! स्कॉटलंडने हा हक्क २०१६ मध्ये बंद केला, वेल्सने २०१९ मध्ये. म्हणून सुहास यांना मी सांगेन, पहिल्या दिवशी मालक करण्याची किंमत दुसऱ्या पिढीतले लोक मोजतात.

पण यादीवर फार भरवसा ठेवू नका. घरंच कमी असली की यादीतही वर्षं जातात.

सुहास डोंबिवली:

मेधाताई, तिथे भाडं थकलं तर नियमाने घर खाली करून घेतात. इथे संक्रमण शिबिरांचं काय झालंय? इमारत दुरुस्त होईपर्यंतची सोय म्हणून म्हाडाने दिलेले गाळे. मूळ रहिवासी तीस-चाळीस वर्षं तिथेच अडकले, शेजारच्या गाळ्यात घुसखोर, आणि घुसखोरांनाही नियमित करायची मागणी होते. खरा हक्कदार बाहेर खासगी भाडं भरतोय. ही यंत्रणा तुम्ही लाखो घरांची मालक करायला निघालात.

गिरणगावचा मुलगा:

वडील ८२ च्या संपात बाहेर पडले. घरासाठी अर्ज केलेले गिरणी कामगार आणि वारस पावणेदोन लाखांच्या घरात आहेत. २०१६ मध्ये पनवेलच्या कोनला जी घरं सोडतीत निघाली ती याच २००८ वाल्या योजनेची, १६० चे दोन गाळे जोडून ३२० केलेली, सहा लाखांना. कोविडात तिथे विलगीकरण केंद्र केलं आणि ताबा आणखी लांबला.

लालबागमधून उठवून पनवेलपलीकडे पाठवलं तरी लोकांनी पैसे भरले, का? घर स्वतःच्या नावावर होणार म्हणून. माझ्या आईला कुणी जाऊन सांगा की तुझा हक्क नाही, तू भाडेकरू म्हणून राहा. मला ते तिच्या तोंडावर बोलता येणार नाही. गिरण्यांच्या जमिनीवर मॉल उभे राहिले आणि आम्ही मात्र भाडं भरायचं, हे मान्य नाही.

नायगावकर:

मित्रा, गिरणी कामगारांचं घर हे जमिनीच्या बदल्यातलं देणं आहे. ते मालकीचंच हवं, त्याला मी हात लावू देणार नाही. मी बोलतोय उद्या शहरात कामाला येणाऱ्याबद्दल, ज्याचं अजून कुणीच काही देणं लागत नाही.

माधवीताईंचा मुद्दा मात्र डोक्यातून जात नाही. एक सुचतंय. १९९९ च्या कायद्यात कलम ५५ प्रमाणे भाडेकरार नोंदवणं बंधनकारक आहे, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची. म्हणजे कोण कुठे किती महिने राहिला याची नोंद नोंदणी विभागाकडे आधीच आहे. सलग करार दाखवले की अधिवास धरा, वीजबिल मागू नका.

सुहास डोंबिवली:

हे बरोबर आहे, आणि सोडतीसाठीसुद्धा लागू करावं. इथे मी तुमच्याबरोबर आहे.

माधवी:

दादा, फ्लॅटवाल्यांचं जमेल. आमच्या बायका राहतात त्या वस्तीत खोलीमालकाकडेच खोलीचे कागद नाहीत, तो करार काय नोंदवणार? डिपॉझिट वहीत लिहितात, भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला हातात. त्यांच्यासाठी शाळेच्या हजेरीपटावरचा मुलांचा पत्ता, लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडीची नोंद हे पुरावे धरले पाहिजेत. हे तिन्ही कागद प्रत्येकीच्या पिशवीत असतात, मी रोज बघते. मागणीचं पत्र लिहिणार असाल तर हे पहिल्या क्रमांकावर घाला. मसुदा इथे टाका, बायकांना वाचून दाखवून सह्या घेते.