मदत हवी आहे: ज्येष्ठ जॅझ गिटारवादकाला साथ करताना कमी कसं वाजवायचं?

कोमल_धैवत: पुढच्या शनिवारी क्लबमध्ये सरांच्या मागे दुसरी गिटार वाजवायची आहे. 45 मिनिटांचे दोन सेट. सर पन्नासहून जास्त वर्षं जॅझ वाजवताहेत. डान्स बँड, जहाजांवरचे ऑर्केस्ट्रा, स्टुडिओ, सगळं करून झालंय. मी चार वर्षं त्यांच्याकडे शिकतोय. तीन तालमी झाल्या, तिन्ही वेळा एकच ऐकलं: "फार वाजवतोयस." पुढे काही सांगत नाहीत. कॉर्ड पाठ आहेत, लय सुटत नाही. नेमकं काय गाळू? कृपया लवकर सांगा.

तिसरा_पडदा: बास आहे का? ड्रम? पियानो?

जुनी_तबकडी: काही विचारायची गरज नाही. गिटारवादक फ्रेडी ग्रीन ऐक. 1937 पासून 1987 मध्ये जाईपर्यंत काउंट बेसीच्या ऑर्केस्ट्रात होता. ॲम्प नाही, सोलो जवळजवळ नाहीच. मात्रेमात्रेला एक ठोका, त्यातही कित्येकदा एक-दोनच सूर वाजलेले. रोज तासभर तेवढंच कर.

रात्रपाळी: तबकडी, तो अख्ख्या बिग बँडमध्ये वाजवत होता. दोन गिटारींत सतत चार ठोके मारले तर सोलोवाल्याचा श्वास कोंडतो. गिटारवादक जिम हॉल ऐकायला सांग. 1962 ची पियानोवादक बिल एव्हान्सबरोबरची रेकॉर्ड, नुसते पियानो आणि गिटार.

जुनी_तबकडी: त्याच रेकॉर्डवर हॉलने पियानोच्या सोलोमागे चार ठोके वाजवलेत. परत ऐका.

रात्रपाळी: वाजवलेत, पण एका गाण्यात. बाकी ठिकाणी तो गप्प कुठे बसतो तेही ऐका.

कोमल_धैवत: बास आहे. ड्रम, पियानो नाही. दोन्ही गिटारी इलेक्ट्रिक.

पोकळ_खोड: फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेटोळ्याच्या) तारा लाव, बाराचा म्हणजे जाडसर संच. टोनचा नॉब अर्ध्यावर. माझा आवाज त्यानंतरच सुधारला.

कोमल_धैवत: तारांची अडचण नाही हो.

तिसरा_पडदा: बास असेल तर खालच्या सुरांच्या दोन जाड तारा सोडून दे, मूळ सूर त्याचा. तू कॉर्डमधला तिसरा आणि सातवा सूर घे. जी सेव्हनला बी आणि एफ, बस. पाचवा कुणाला आठवतही नाही. सर वरच्या सुरांच्या पातळ तारांवर असतील तर तू मधल्या दोन-तीन तारांवरच राहा, म्हणजे दोन गिटारींचे सूर एकमेकांवर चढणार नाहीत. आता सांग, सर नेमके कुठे थांबवतात? मुखड्यात की सोलोत?

कोमल_धैवत: सोलोत. एक सांगायचं राहिलं. सरांना संधिवात आहे, डावी करंगळी आणि अनामिका नीट वळत नाहीत. सहा वर्षांनी लोकांसमोर बसताहेत. ते मध्येच थांबतात. ती जागा श्रोत्यांना रिकामी वाटू नये म्हणून मी भरतो.

तिसरा_पडदा: हे पहिल्या ओळीत हवं होतं! उत्तर इथेच आहे. ते थांबतात ती जागा त्यांची आहे. पुढचं वाक्य तिथेच जुळवत असतील, आणि तू तेवढ्यात बोलून टाकतोस. सर थांबले की तूही थांब, बासला चालू दे. दोन मात्रा शांतता गेली तर क्लबमध्ये कुणी उठून जात नाही.

जुनी_तबकडी: गिटारवादक जॅंगो राइनहार्टचीही हीच दोन बोटं 1928 च्या आगीत निकामी झाली होती. सोलो दोन बोटांवर वाजवायचा.

रात्रपाळी: आणि गिटारवादक पॅट मार्टिनो! 1980 मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झाली, स्मृती गेली. स्वतःच्याच रेकॉर्ड ऐकत परत शिकला आणि 1987 मध्ये न्यूयॉर्कच्या क्लबमध्ये उभा राहिला.

पोकळ_खोड: स्मृती वेगळी, सांधे वेगळे. जॅंगो तेव्हा अठरा वर्षांचा होता. सरांना झेपणारी लय सरांनाच ठरवू द्या. आणि त्यांच्या गिटारीला तरी हलक्या तारा लावा, दाबायला जोर कमी लागतो.

कोमल_धैवत: हे मात्र पटलं, विचारतो त्यांना. आज तालमीत दोनच सूर धरले, ते थांबले की मीही थांबलो. सर काही बोलले नाहीत, पण एरवी सोलोत दोन कोरस (गाण्याची पूर्ण आवर्तनं) घेतात तिथे चार घेतले. चौथ्यात असं काही वाजवलं की बासवाला माझ्याकडे बघत राहिला. बॅलडमध्ये, म्हणजे संथ गाण्यात, मात्र पुन्हा तेच, "फार वाजवतोयस." तिथे ठेका धरू की नुसत्या कॉर्ड सोडू?

तिसरा_पडदा: लय किती? आणि मुखडा एकटेच वाजवतात की बासबरोबर?