घरी एनिमा: पाणी किती, मीठ किती, भांडं किती उंच?

शेवंती
सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. गुडघ्यांमुळे हालचाल कमी. बीपीची आणि लोहाची गोळी रोज. इसबगोल चालू असूनही चार दिवस पोट साफ नाही. कुंथून एखादाच खडा पडतो. उलटी, ताप, रक्त काही नाही, पोट मऊ आहे. डॉक्टरांनी तपासून ‘घरीच साधा एनिमा द्या’ म्हटलं, पण कसा ते विचारायचं राहिलं. माळ्यावर एनॅमलचं जुनं दीड लिटरचं भांडं आहे, लाल रबरी नळी आणि टोकाला काळी कडक तोटी. शेजारच्या काकू साबणाचं पाणी सुचवतात, नणंद लिंबूपाणी, आणि मेडिकलवाला तयार बाटली देतो म्हणतो. यातलं काय करावं? पाणी किती आणि कसं द्यायचं?

वॉर्ड नंबर ४
भांडं घ्या, नळी आणि तोटी फेकून द्या. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेलं रबर ताणलं की चिरतं, आणि ती कडक तोटी म्हाताऱ्या माणसाच्या आतड्याला टोचू शकते. म्हातारपणी मलाशयाचं अस्तर नाजूक झालेलं असतं. सर्जिकलच्या दुकानात नवीन नळी, ती बंद करायचा चिमटा आणि मऊ रबरी कॅथेटर (तोटीऐवजी आत घालायची बारीक नळी) सुटे मिळतात.

साबण नको. त्याने आतलं अस्तर सोलवटतं. रक्त-आव पडण्यापर्यंत प्रकरण जातं. लिंबू, कडुलिंबाचा काढा, कॉफी हेही नको. पोट साफ होतं ते पाण्याच्या फुगवट्याने आणि ओलाव्याने, आंबट-कडू घालून काही वाढत नाही.

तयार बाटलीत बहुतेक वेळा फॉस्फेट असतं. तरुण, धडधाकट माणसाला एकदा चालतं. पण वय ५५च्या पुढे, मूत्रपिंड अशक्त, किंवा बीपीच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी औषधं चालू असतील तर ते रक्तात शोषलं जाऊन कॅल्शियम धोकादायक खाली जातं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. तुमच्या घरी वयही आहे आणि बीपीही, तेव्हा ती बाटली डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

आता कृती. उकळून कोमट केलेलं अर्धा लिटर पाणी, त्यात पाऊण सपाट छोटा चमचा (५ मिलीचा) साधं मीठ, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम. हे प्रमाण रक्ताच्या खारटपणाशी जुळतं, म्हणून पाणी ना आत ओढलं जातं ना आतड्यातून बाहेर. अंदाजाने मूठभर मीठ टाकलं तर सोडियम चढतं; बिनमिठाचं पाणी पुन्हा पुन्हा दिलं तर उतरतं. कोपर बुडवून पाहा, कोमट लागलं पाहिजे, गरम नव्हे. गार पाण्याने लगेच कळ येते, गरम पाण्याने आतून भाजतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. हृदय किंवा मूत्रपिंड अशक्त असेल तर हे प्रमाणही डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

गादीवर मेणकापड, त्यावर जुनी चादर. त्यांना डाव्या कुशीवर झोपवा, उजवा गुडघा पोटाकडे घेऊन. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डावीकडे असतो, त्यामुळे पाणी उताराने जातं. चिमटा उघडून थोडं पाणी बादलीत सोडा, नळीतली हवा जाऊ द्या. हवा आत गेली की पोट फुगतं आणि पाणी धरवत नाही. टोकाला खोबरेल किंवा जेली लावा. त्यांना तोंडाने हळू श्वास सोडायला सांगा आणि त्या श्वासासोबत कॅथेटर गुदद्वारातून आत सरकवा, बेंबीच्या दिशेने, तीन ते चार इंच. अडलं तर ढकलायचं नाही. जरा मागे घ्या, थोडं पाणी सोडा, मग पाहा.

बहुतेकांचं चुकतं ते उंचीत. भांडं सवयीने भिंतीच्या खुंटीला अडकवतात. खाली पलंगावरच्या माणसापासून ती खुंटी चार-पाच फूट वर, म्हणजे पाणी धो-धो जाणार. भांड्याचा तळ झोपलेल्या माणसाच्या कंबरेपासून फूट-दीड फूट वर, बस. अर्धा लिटर जायला पाच ते सात मिनिटं लागली पाहिजेत. कळ आली की चिमटा बंद, अर्धा मिनिट थांबा, मग भांडं आणखी खाली धरून पुन्हा सुरू. म्हाताऱ्या माणसाला अर्धा लिटर पुरे. त्यांनी ‘पुरे’ म्हटलं तर तीनशे मिलीवरही थांबायचं.

मग पाच-दहा मिनिटं धरायला सांगा. तोवर कमोडची खुर्ची पलंगाला चिकटून हवी. नळी काढल्यावर माणसाला संडासापर्यंत चालवत नेणं आणि वाटेत चक्कर येणं हा नेहमीचा अपघात. एकटं सोडू नका, आतून कडी तर नकोच.

शेवंती
खूप आभार. खडा फारच घट्ट असेल तर पाणी बाजूनेच परत येतं, असं ऐकलं. तेव्हा काय?

तिळतेल
तेव्हा आधी तेल. रात्री हलकं जेवण झाल्यावर कोमट तिळाचं तेल ६० मिली, मऊ कॅथेटर आणि ६० मिलीची सिरिंज, हळूहळू. आयुर्वेदात हिला मात्रा बस्ती म्हणतात. स्नेहाची (तेला-तुपाची) बस्ती रिकाम्या पोटी द्यायची नाही हा नियम आहे. जेवणाचा हात ओला आहे तोवर द्या, असं जुने वैद्य सांगतात. वाटी गरम पाण्यात ठेवून तेल तापवा, थेट गॅसवर नको. तेलाला वाफ दिसत नाही, म्हणून अंदाज फसतो.

दिल्यावर कंबरेखाली उशी द्या आणि थोडा वेळ निवांत पडू द्या. खडा मऊ व्हायला तेल जितकं आत राहील तितकं बरं. सकाळपर्यंत बाहेर आलं नाही तरी घाबरायचं कारण नाही. सकाळी ‘वॉर्ड नंबर ४’ ताईंनी वर सांगितलेलं मिठाचं पाणी. तेल झिरपतं, जुनी चादर घ्या, डाग निघत नाही.

काढ्याची निरूह बस्ती मात्र घरी करू नका. मध, सैंधव, तेल, कल्क (वाटलेल्या औषधांचा लगदा), काढा या क्रमाने घोटून एकजीव करावं लागतं, मात्रा प्रकृतीप्रमाणे बदलते आणि ती ठरावीक वेळात परत आली नाही तर रुग्ण सांभाळावा लागतो. ते वैद्याच्या डोळ्यांसमोरच. यूट्यूब पाहून घरी काढा चढवणारे लोक आहेत, म्हणून लिहिलं.

कटिस्नान
निसर्गोपचाराच्या बाजूने थोडं. गांधीजींनी १९४६मध्ये उरळीकांचनला उपचार सुरू केले, तेव्हापासून आपल्याकडे एनिमाचं भांडं घराघरांत ओळखीचं झालं. पण त्या पद्धतीत एनिमा एकटा नसतो. मातीची पट्टी, कटिस्नान (टबात कंबरेपर्यंत पाण्यात बसणं), आहार यांच्या जोडीने ठरावीक दिवस असतो. लोकांनी बाकी सगळं सोडलं आणि तेवढं भांडं ठेवलं! मग आठवड्याला, पुढे एकाआड एक दिवस, असं होत होत मलाशय भरल्याची जाणीवच बोथट होते. ‘आतड्यात वर्षानुवर्षं साचलेली घाण’ वगैरे तर निव्वळ जाहिरात. अर्ध्या लिटरचं पाणी मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागापलीकडे फारसं पोचतही नाही.

वॉर्ड नंबर ४
बरोबर. म्हणून शेवंतीताई, खरं कारण पाहा. लोहाच्या गोळीने खडा होतो, बीपीच्या काही गोळ्यांनीही होतो. डॉक्टरांना गोळी बदलता येते का विचारा, आपल्या मनाने बंद करू नका. इसबगोल घेऊन पाणी अर्धा कप प्यायलं तर तो आत लगदा होऊन बसतो. आत्ता खडा अडकलेला असताना इसबगोल थांबवा. पोट मोकळं झालं की एक चमच्याला पूर्ण ग्लास पाणी, नाहीतर डॉक्टरांकडून लॅक्ट्युलोज (मळ मऊ करणारं पातळ औषध). सकाळचा चहा-नाश्ता झाल्यावर अर्ध्या तासात बसवा, आतड्याची हालचाल तेव्हाच सुरू होते. कमोडवर पायाखाली पाट द्या, गुडघे कंबरेच्या वर आले पाहिजेत.

आणि एक फसवं लक्षण: चार दिवस काही नाही आणि मग अचानक पातळ थेंब-थेंब कपड्यात. घरात जुलाब समजून बंद करणाऱ्या गोळ्या देतात. तो खड्याच्या बाजूने झिरपलेला मळ असतो. तिथे एनिम्याआधी डॉक्टरांनी बोटाने तपासायला हवं.

बाळंतविडा
विषय निघालाच आहे तर लहान बाळांचंही. विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून लावणं किंवा साबणाची काडी, दोन्ही घरोघरी चालतं. देठाच्या कडेने भेग पडते, साबणाने आग होते, आणि बाळ दुखण्याच्या भीतीने शी रोखून धरायला लागतं. अंगावर पिणारं बाळ दीड महिन्यानंतर पाच-सात दिवस शी न करणं नॉर्मल असू शकतं, फक्त आलेली शी मऊ हवी आणि बाळ नीट पीत असावं. जन्मल्यावर ४८ तासांत पहिली काळी शी झाली नाही, पोट फुगलं किंवा हिरवी उलटी झाली तर लगेच दवाखाना. वरच्या मापांनी बाळाला एनिमा देऊच नये. थोडं पाणीही त्याच्या रक्तातलं सोडियम बिघडवतं.

शेवंती
पाणी गेलं आणि परत आलंच नाही, तर अर्ध्या तासाने दुसरा द्यायचा का?

वॉर्ड नंबर ४
नाही, त्या दिवशी दुसरा नको. बसवून ठेवा, जमलं तर चार पावलं चालवा. पोटावरून तळहात हलकेच फिरवा: उजवीकडे खालून वर, आडवा डावीकडे, मग खाली. कधी थोडं पाणी शोषलं जातं आणि लघवीवाटे जातं. पण पोट ताठ झालं, जोराची कळ राहिली, उलटी, रक्त किंवा घाम आला तर वाट पाहायची नाही, थेट दवाखाना.

वापरल्यावर कॅथेटर लगेच साबणाने धुऊन आतून पाणी सोडा आणि सरळ टांगून वाळवा. गुंडाळून ठेवलं की आत पाणी राहतं. तेलासाठी वेगळं घ्या, तेलाने रबर चिकट होऊन लवकर सुटतं.