टिप-ट्रेलरला (हौदा उचलून माल ओतणारा ट्रेलर) कोणतं हेड (तो ओढणारा पुढचा ट्रक) घ्यावं?
क्रशरवरून खडी न्यायला ४ बाय २ (चारपैकी दोनच चाकांना इंजिनाची ताकद) पुरेल का, यावर सगळे हॉर्सपॉवरच मोजताहेत. आधी मागची चाकं बघा की! खाणीतल्या ओल्या चढावर इंजिनात कितीही दम असला तरी एकाच ड्राइव्ह एक्सलची (इंजिनाने फिरणाऱ्या आसाची) चाकं जागीच गरगरतात. तिथे ६ बाय ४ (सहापैकी चार चाकांना ताकद) आणि डिफरन्शियल लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) हवाच. वजनमर्यादेच्या नियमातल्या २०१८ च्या बदलानंतर ६ बाय ४ ला तीन एक्सलचा ट्रेलर जोडला की मालासकट ५५ टनांपर्यंत पासिंग मिळतं, हाही फायदा. चढ जास्त असेल तर फायनल ड्राइव्हचा (चाकांआधीच्या शेवटच्या गिअरचा) रेशो मोठा घ्या. हायवेवर डिझेल थोडं जास्त खाईल, खाऊ दे. पीटीओ (हौदा उचलायला गिअरबॉक्समधून ताकद घेणारा भाग) मात्र कंपनीकडूनच बसवून घ्या, नाहीतर पुढे गिअरबॉक्सच्या वॉरंटीवरून कटकट होते. आणि भुसभुशीत किंवा कललेल्या जागी ट्रेलरचा हौदा उचलू देऊ नका, तो उचलणारा जॅक पूर्ण वर गेला की ट्रेलर आडवा व्हायला वेळ लागत नाही.