शेजारच्या वाढीव बांधकामावरची हरकत कशी लिहावी

शेजाऱ्याने घर वाढवायला परवानगीचा अर्ज केला, तर हरकतीच्या पत्रात ‘घराची किंमत पडेल’ आणि ‘खिडकीतला देखावा जाईल’ असं लिहा, असा सल्ला मिळाला असेल तर ते मुद्दे कृपया पत्रातून काढा. इंग्लंडमध्ये अर्जाचा निर्णय करताना ते धरतच नाहीत. २००४ च्या नियोजन कायद्याच्या (Planning and Compulsory Purchase Act) कलम ३८(६) नुसार निर्णय स्थानिक विकास आराखड्याप्रमाणे होतो. त्यापासून दूर जायला नियोजनाशी संबंधित सबळ कारण लागतं. म्हणून आधी कौन्सिलच्या (तिथली स्थानिक पालिका) संकेतस्थळावर आराखडा उघडा आणि ज्या धोरणाचा भंग होतोय त्याचा क्रमांक पत्रात द्या.

देखावा जाणं वेगळं, उजेड जाणं वेगळं. उजेडाला वजन आहे. बऱ्याच कौन्सिलांच्या मार्गदर्शिकेत ४५ अंशांची कसोटी असते: नकाशावर तुमच्या खिडकीच्या मध्यापासून वाढीव भागाच्या दिशेने ४५ अंशांत रेषा काढा, वाढीव भाग ती ओलांडतो का ते पाहा. खिडकी राहत्या खोलीची असेल तर तसं आवर्जून लिहा. जिना किंवा न्हाणीघराची असेल तर मुद्दा फार टिकत नाही. खाजगीपणा, आवाज, रस्त्याची सुरक्षितता हेही चालतं. सामाईक भिंतीचा वाद मात्र १९९६ च्या वेगळ्या, सामाईक भिंतींसाठीच्या कायद्यात (Party Wall Act) येतो.

एकाच मजकुराची पन्नास पत्रं पाठवून वजन वाढत नाही. हरकतीसाठी साधारण २१ दिवस मिळतात. ते नीट वापरा, कारण बांधकामाला परवानगी मिळाल्यावर हरकत घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, अपिलाचा हक्क नाही. उरते ती फक्त ६ आठवड्यांच्या आत उच्च न्यायालयात दाद, आणि तीही कायदेशीर चुकीपुरतीच.