मागच्या डाव्या चाकाचा टीपीएमएस सेन्सर बंद, काय करावं? (बजेट ३०००)

सह्यवाट
गाडी २०१९ ची पेट्रोल एसयूव्ही, टीपीएमएस (टायरमधल्या हवेचा दाब सांगणारी यंत्रणा) कंपनीचाच, डॅशवर चारही चाकांचे आकडे दिसतात. मागच्या डाव्या चाकाचं पंक्चर टायर उतरवून, आतून पॅच लावून काढलं. तेव्हापासून त्या चाकाच्या जागी नुसत्या रेघा. गाडी सुरू केली की पिवळा दिवा मिनिटभर लुकलुकतो, मग लागलेलाच राहतो. हवा चारहींत ३३, गेज लावून पाहिली आहे. मजुरी धरून ३००० च्या आत काय करता येईल? मुक्काम पुणे.

हमरस्ता
चारही बदला, कंपनीचेच टाका. सेन्सरमधली लिथियम बॅटरी सीलबंद असते, वेगळी बदलता येत नाही. आयुष्य पाच ते दहा वर्षं. एक गेला की बाकीचे मागोमाग जातात. माझ्याकडे चारही नवे आहेत, वर्षभर दिवा लागलेला नाही.

सह्यवाट
चारही म्हणजे बजेटच्या कितीतरी वर जातं हो.

टायरबाज
खरेदी नंतर, आधी निदान करा. गाडी सुरू करताच दिवा न लुकलुकता लागून राहिला, तर हवा कमी. लुकलुकून मग स्थिर झाला, तर सिस्टीममध्येच बिघाड. तुमचा दुसरा प्रकार आहे, म्हणजे कितीही हवा भरली तरी दिवा जाणार नाही.

पंक्चरनंतर लगेच झालंय, त्यामुळे पहिला संशय टायर उतरवण्याच्या मशीनवर. बीड, म्हणजे रिमवर बसणारी टायरची कड, सोडवणारा फाळ व्हॉल्वजवळ दाबला की आतली सेन्सरची प्लास्टिकची डबी तडकते. जॅक लावून चाक उचला, हाताने हळूहळू फिरवा आणि कान देऊन ऐका. आत काही खुळखुळलं तर गाडी चालवू नका, तो तुकडा टायर आतून खरवडतो. व्हॉल्वच्या बुडाशी साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का तेही बघा.

आवाज नसेल तर टीपीएमएस टूल असलेलं टायरचं दुकान गाठा. टूल टायरच्या कडेला, व्हॉल्वच्या वर धरतात. ते १२५ किलोहर्ट्झचा सिग्नल देऊन सेन्सरला जागं करतं, मग सेन्सर आपला आयडी, दाब आणि तापमान पाठवतो, बरेचसे बॅटरीची स्थितीही सांगतात. चारही चाकं तपासून घ्या, एकावर थांबू नका. तीन बोलले आणि एक गप्प, तर सेन्सर गेला. चारही बोलले आणि डॅशवर एक दिसत नाही, तर आयडीची नोंद गेली आहे. ती परत करून घ्यायची, नवा सेन्सर लागत नाही.

घाटवळण
नायट्रोजन भरा. दाब हलतच नाही, दिव्याची कटकटच संपते.

टायरबाज
साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. तापमान १० अंशांनी उतरलं की दोन्हींचा दाब दीड-दोन पीएसआयने उतरतो. आणि इथे प्रश्न दाबाचा नाहीच, सेन्सर बोलत नाही हा आहे.

घाटवळण
कोरड्या वायूत ओलावा नसतो, रिम आतून गंजत नाही. हा फायदा आहे की नाही?

टायरबाज
ओलाव्याचं मान्य. पण त्यासाठी वेगळा धागा काढू.

नारळीपोफळी
व्हॉल्वच्या टोपणाच्या जागी बसणारे बाहेरचे सेन्सर घ्या, सोबत सोलर डिस्प्ले येतो. बजेटात बसेल, टायर उतरवावा लागत नाही.

स्टेपनीवाला
त्याने डॅशचा दिवा जाणार नाही, तो कंपनीचेच आयडी शोधत बसतो. शिवाय रबरी व्हॉल्वच्या टोकावर वजन आलं की बूड हलून चिरतं. लॉकनट नसेल तर पार्किंगमधून चोरीला जातात. तुमची स्टेपनी तर लावलेली नाही ना? बऱ्याच गाड्यांच्या स्टेपनीत सेन्सर नसतो, ती लावली तरी अशाच रेघा येतात. नसेल तर हमरस्ता म्हणतात तेच, चारही बदला.

टायरबाज
एकच घ्यायचा ठरला तर एवढं बघा. सेन्सर ४३३ मेगाहर्ट्झचाच हवा. अमेरिकेतून कोणी आणून देणार असेल तर जपून, तिकडे ३१५ चे खूप असतात, ते आपल्या गाडीला ऐकूच येत नाहीत. प्रोग्रॅम होणारा सेन्सर घेतला तर जुन्याचा आयडी त्यात उतरवता येतो, मग गाडीत नव्याने नोंद करावी लागत नाही. जुना बंद असला तरी आयडी सहसा त्याच्या अंगावर छापलेला असतो.

व्हॉल्व अॅल्युमिनियमचा असेल तर पिन निकेल मुलाम्याचीच हवी. साधी पितळी पिन ओलाव्यात अॅल्युमिनियमशी धरून बसते, मग निघता निघत नाही. टोपणही प्लास्टिकचंच. नट टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. हिसक्याने आवळला की व्हॉल्व तुटतो. रबरी सील आणि वायसर नवे घाला, शेवटी बॅलन्सिंग करा. पंक्चरचा द्रव टायरमध्ये ओतला असेल तर आधी सांगा, त्याने सेन्सरचं दाब मोजायचं भोक बुजतं.

सह्यवाट
स्टेपनी लावलेली नाही, द्रवही घातलेला नाही. आत खुळखुळ नाही, बुडबुडे नाहीत. टूल लावून घेतलं. तीन बोलले, बॅटरी ठीक दाखवतात. मागचा डावा पूर्ण गप्प. एक सेन्सर, बसवणं, बॅलन्सिंग मिळून ३८०० सांगितले.

मी सध्या काहीच घेत नाही. चारही टायरांची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खुणेजवळ आली आहे, पावसाळ्याआधी टायर बदलायचेच आहेत. तेव्हा टायर उतरणारच, बॅलन्सिंगही त्यातच होईल, सेन्सरचेच पैसे पडतील. तोवर दर रविवारी सकाळी, गाडी थंड असताना, त्या चाकाला गेज लावतो.

हमरस्ता
दिवा लागलेला ठेवून गाडी चालवणं मला पटत नाही. आत्ताच बदला.

टायरबाज
थांबायचं असेल तर एक धोका लक्षात ठेवा. दिवा आधीच लागलेला आहे, त्यामुळे दुसऱ्या एखाद्या चाकाची हवा गेली तरी तो वेगळं काही सांगणार नाही. एक्स्प्रेसवेवर जाण्याआधी उरलेल्या तीन चाकांचे आकडे डॅशवर नक्की बघा. उभ्या गाडीचे सेन्सर झोपतात, म्हणून आकडे चार-पाच मिनिटं गाडी चालवल्यावरचे धरा.

सह्यवाट
हे करीन. टायर बदलताना सेन्सर कुठला घेतला ते इथेच लिहितो.